सोफ्यामागच्या भिंतीसाठी स्वतःचे अमूर्त चित्र: मांजरपाट, गेरू आणि चार दिवसांचे काम

सोफ्यामागची भिंत ओकीबोकी दिसते म्हणून बाजारात चित्र पाहायला गेल्यावर दोन गोष्टी लक्षात येतात. परवडणारे चित्र छापील असते आणि नेमके तेच ओळखीच्या दोन-तीन घरांत आधीच लागलेले असते. हाताने रंगवलेले मोठे चित्र घ्यायचे, तर त्याच्या किमतीत दुसरा सोफा येईल. अशा वेळी स्वतःच काहीतरी रंगवावे, असे मनात येणे स्वाभाविक आहे आणि ते जमण्याजोगेही आहे. मात्र अमूर्त चित्र म्हणजे मनाला येईल तसे रंगांचे फटकारे, या समजुतीने सुरुवात केली की पहिल्याच दिवशी फजिती होते.

माझी तशी झाली होती. भर जुलैत तीन मिलिमीटर जाडीचा एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा, तुकडा आणून त्यावर सहा रंग एकाच बैठकीत ओतले. रात्री ते मोठे उत्साही दिसत होते. सकाळी सगळ्याचा मिळून चिखलाचा रंग झालेला होता आणि फळी भाजलेल्या पापडासारखी वाकलेली होती. पुढे हेच काम कापडावर, तीन रंगांत आणि एकेक थर वाळू देत केले, तेव्हा ते भिंतीवर लावण्याजोगे झाले. येथे दिलेली पद्धत त्या दुसऱ्या चित्राची आहे. लाकूड, कापड, रंग आणि किरकोळ सामान मिळून मला १,१०० रुपयांच्या आसपास खर्च आला. गाव आणि दुकान पाहून हा आकडा कमी-जास्त होईल. पण पांढरा रंग बराच उरतो, त्यामुळे दुसरे चित्र याहून स्वस्तात होते.

आधी भिंत, मग चित्र

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे चित्र फार लहान करणे. सहा फुटी सोफ्यावर दीड फुटाचे चित्र लावले की ते पाकिटावरच्या तिकिटासारखे दिसते. सोफ्याच्या लांबीच्या दोन तृतीयांश रुंदीचे चित्र साधारणपणे शोभते. म्हणजे ७२ इंचांच्या सोफ्यावर ४८ इंच रुंद. उंची ३० इंच धरावी. याला एक व्यवहारी कारण आहे: मांजरपाट ३६ इंच पन्ह्यात मिळते आणि चौकटीच्या मागे वळवण्यासाठी वर-खाली तीन-तीन इंच सोडले की ३० इंचांची चौकट त्यात नेमकी बसते, कापड वाया जात नाही.

जुनी वर्तमानपत्रे चिकटवून ४८ बाय ३० इंचांचा एक आयत करावा आणि तो भिंतीवर मास्किंग टेपने लावून दोन दिवस तसाच राहू द्यावा. त्याची खालची कड सोफ्याच्या पाठीपासून सहा ते आठ इंच वर असावी. जाता-येता तो आयत मोठा वाटतो, लहान वाटतो की एका बाजूला सरकलेला वाटतो, हे आपोआप कळते. समाधान झाले की चारही कोपऱ्यांवर पेन्सिलीने खूण करून ठेवावी.

याच वेळी भिंतीची ओलही तपासावी. बाहेरच्या बाजूची, पावसाचा मारा झेलणारी भिंत असेल आणि रंगाला फुगे आलेले असतील, तर आधी गळतीचा बंदोबस्त करावा किंवा दुसरी भिंत निवडावी. ओल्या भिंतीवर कापडी चित्र लावल्यास मागून बुरशी धरते.

चौकट आणि कापड

चौकटीसाठी दीड बाय एक इंचाची, पूर्ण वाळलेली पाइनची पट्टी घ्यावी. पट्टी विकत घेताना एक टोक डोळ्याजवळ धरून लांबीच्या रेषेत पाहावे. वाकडी असेल तर लगेच दिसते. कोपरे ४५ अंशांत कापण्याचे काम सुताराकडून करून घेणे शहाणपणाचे आहे, कारण घरच्या करवतीने ते क्वचितच जुळतात. त्याच्याकडूनच पट्टीच्या आतल्या कडेवर रंधा मारून घ्यावा, म्हणजे समोरच्या बाजूस कापड फक्त बाहेरच्या कडेवर टेकेल. हे राहून गेले, तर काही महिन्यांनी चौकटीच्या आतल्या कडेची सरळ रेघ कापडावर उमटते आणि ती नंतर जात नाही. ४८ इंचांच्या लांबीला मध्ये एक आडवा आधारही हवा. तो किंचित मागे घेऊन बसवावा, म्हणजे कापडाला लागणार नाही.

कोपऱ्यांना फेविकॉल लावून मागून प्लायवुडचे त्रिकोणी तुकडे स्क्रूने बसवावेत. काटकोन गुण्याने तपासावा, आणि गुण्या नसेल तर दोन्ही कर्ण मोजावेत. ४८ बाय ३० च्या चौकटीचे दोन्ही कर्ण ५६.६ इंचांच्या जवळ आणि मुख्य म्हणजे एकमेकांइतके भरले पाहिजेत. फेविकॉल ओले असतानाच लांब असलेल्या कर्णाच्या टोकांवर दाब देऊन फरक काढता येतो, नंतर नाही.

मांजरपाट दीड मीटर पुरते. कोऱ्या कापडात खळ असते, ती रंगाला नीट आत शिरू देत नाही. म्हणून ते एकदा गरम पाण्यातून धुऊन, वाळवून, कडक इस्त्री करून घ्यावे. धुण्यात कापड थोडे आटते, याचा हिशेब विकत घेतानाच ठेवावा आणि शक्य असल्यास ३८ किंवा ४० इंच पन्ह्याचे मागावे. कापड जमिनीवर पसरून त्यावर चौकट पालथी ठेवावी. आधी चारही बाजूंच्या मध्यभागी एकेक चूक (छोटा खिळा) ठोकावी: वरची, मग बरोबर तिच्यासमोरची खालची, मग डावी-उजवी. त्यानंतर मध्याकडून कोपऱ्यांकडे, समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून ताणत, दर दोन इंचांवर अर्ध्या इंचाच्या चुका मारत जावे. स्टेपल गन असल्यास काम निम्म्या वेळात होते. एका कोपऱ्यापासून सुरू करून सरळ पुढे जाण्याचा मोह टाळावा. त्याने तिरप्या सुरकुत्या पडतात. कोपऱ्यावरचे जादा कापड गादीवर चादर खोचतो तसे घडी घालून मागे घ्यावे. कापड टिचकी मारल्यावर हलक्या डफासारखे वाजेल इतकेच ताणावे, कारण पाणी लागल्यावर ते आणखी आवळते.

आता अस्तर. एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी एकजीव करून रुंद ब्रशने कापडावर पातळ हात द्यावा. तो रात्रभर वाळला की पांढऱ्या इमल्शनचे, म्हणजे भिंतीला लावतात त्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे, दोन पातळ हात द्यावेत; पहिला आडवा, दुसरा उभा, आणि दोन्हींमध्ये चार-पाच तासांचे अंतर. शेवटी ३२० नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने फिरवावा. डिस्टेंपर स्वस्त पडतो म्हणून तो वापरू नये, वाळल्यावर तो कापडावर तडकतो आणि हाताला लागतो. भिंतीची पुट्टीही कापडावर चालत नाही, प्लायवुडवर चालते.

तीन रंग, त्यातला एक मातीचा

रंगांच्या दुकानात गेल्यावर हात सैल सुटतो. येथे कंजूषपणा करावा, आणि तो पैशांसाठी नव्हे. रंग तीनच असले की ते कसेही शेजारी आले तरी एकाच घरातले वाटतात.

पहिला रंग गेरू. खेड्यात भिंती आणि तुळशीवृंदावन ज्याने रंगवतात, वारली चित्रांची तांबूस पार्श्वभूमी ज्याने होते, तीच ही लोहयुक्त माती. तिचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा असल्यामुळे तो उन्हाने उडत नाही, आणि ती अत्यंत स्वस्त असते. पाव किलो गेरू रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून गाळावा, वरचे पाणी काढून टाकावे आणि खाली राहिलेल्या दाट लगद्याचे दोन भाग व फेविकॉलचा एक भाग असे मिश्रण करावे. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावून, वाळवून, कोरडे बोट घासून पाहावे. बोट तांबडे झाले तर फेविकॉल वाढवावा. फेविकॉलऐवजी ॲक्रिलिक मीडियम वापरल्यास थर अधिक टिकाऊ होतो, पण खर्च वाढतो.

दुसरा रंग राखाडी निळा. २०० मिलिलिटर पांढऱ्या इमल्शनमध्ये निळा स्टेनर (छटा आणण्यासाठी रंगात मिसळायचा दाट द्रव) थेंबाथेंबाने घालून, मग काळ्याचे मोजके थेंब टाकावेत. काळा फार जोरकस असतो. पाच थेंबांनी जे झाले ते सहाव्याने बिघडते. दोन्ही स्टेनर मिळून चहाच्या दोन चमच्यांच्या पुढे जाऊ नयेत, कारण प्रमाण वाढले की थर नीट वाळत नाही आणि चोळल्यावर रंग सुटतो. पांढऱ्या इमल्शनमधून गडद छटा मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे. म्हणून तर गडद बाजू गेरूने सांभाळायची आहे.

तिसरा रंग साईसारखा पांढरा: पांढऱ्यात पिवळ्या ऑक्साइडच्या स्टेनरचे दोन-चार थेंब.

रांगोळीचे रंग, कपड्यांची द्रव नीळ किंवा खाण्याचे रंग घरात असतात म्हणून वापरू नयेत. ते उजेडात फिके पडतात. पांढरी रांगोळी मात्र उपयोगी आहे. ती इमल्शनमध्ये कालवली की छान खरबरीत लगदा होतो आणि फळीवर चित्र करणाऱ्यांना त्याने उठाव देता येतो. कापडावर त्याचा जाड थर तडकतो.

तिन्ही रंगांचे पोस्टकार्डाएवढे नमुने करून भिंतीवर लावावेत आणि सकाळच्या उजेडात व रात्री दिव्यात पाहावेत. ओला रंग वाळल्यावर एक छटा गडद होतो, त्यामुळे निर्णय वाळलेल्या नमुन्यावरच घ्यावा. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली गेरू मलूल दिसतो, पिवळसर दिव्याखाली तो पेटतो. आपण त्या खोलीत बहुतेक कोणत्या उजेडात बसतो, त्यावर निवड ठरवावी.

थरांचे काम

या पद्धतीमागचा विचार माझा नाही. नागपुरात १९२४ साली जन्मलेले आणि १९४८ मध्ये सर ज. जी. कलाशाळेतून पदविका घेतलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग लावायची-खरवडायची बोथट सुरी) वापरून रंगाचे थर चढवीत व काढीत, आणि कागद रंगावर दाबून उचलण्याचाही उपयोग करीत. आपल्या चित्रांना ते अमूर्त न म्हणता ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कोणतीही वस्तू न दाखवणारी, म्हणणे पसंत करीत. वर्षाला मोजकीच चित्रे करणाऱ्या या माणसाची नक्कल चार दिवसांत होणार नाही आणि ती करूही नये. पण रंग लावण्याइतकेच काढण्यानेही चित्र घडते, एवढी एक गोष्ट त्यांच्याकडून घ्यावी. मुंबईत असाल तर काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत एक फेरी मारावी. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि चित्राच्या अगदी जवळ जाऊन थरांच्या कडा पाहिल्या की पुढचे वाचन सोपे जाईल.

पहिल्या दिवशी पूर्ण कापडावर गेरू लावावा. तो सगळीकडे सारखा नको. खालच्या तिसऱ्या हिश्शात दाट, वर जाताना पाणी मिसळून विरळ. ब्रशचे फटके दिसले तरी चालतील. पूर्ण एक दिवस वाळू द्यावे. गेरूचा तांबूस आणि वरचा निळा ओले असतानाच मिसळले, तर दोन्ही मिळून तपकिरी गाळ होतो. माझ्या पहिल्या फळीवर हेच घडले होते. वाळलेल्या थरावर दुसरा चढवला की ते मिसळत नाहीत, एकमेकांतून दिसतात.

दुसऱ्या दिवशीचे काम सर्वांत गमतीचे आणि थोडे घाईचे आहे, म्हणून सामान आधीच हाताशी ठेवावे: वर्तमानपत्राचे हाताने फाडलेले दहा-बारा तुकडे, रंगाऱ्याचा चार इंची पत्रा, पाण्याची फवाऱ्याची बाटली आणि जुने सुती फडके. चित्र जमिनीवर आडवे ठेवावे. राखाडी निळा रंग एका वेळी दोन फूट भागावरच, मध्यम जाडीचा लावावा. तीन-चार मिनिटांनी त्याची चमक थोडी मंदावली की कागदाचे तुकडे त्यावर ठेवून तळहाताने दाबावेत, एका कोपऱ्यातून धरून सावकाश उचलावेत. कागदाबरोबर निळा निघून येतो आणि खालचा गेरू दिसू लागतो, पण सपाट नाही: जिथे तळहात जोरात पडला तिथे लख्ख तांबडा, जिथे कागदाला सुरकुती होती तिथे निळ्या शिरा, आणि फाटलेल्या कडेच्या जागी पाणी ओसरल्यावर वाळूत राहते तशी नागमोडी रेघ. हा परिणाम ब्रशने ठरवून काढता येत नाही. माझ्या चित्रात एका ठिकाणी मथळ्याची शाईही उतरली आणि ‘पाणीकपात’ हा शब्द उलटा उमटला. मी तो झाकला, पण आजही विशिष्ट कोनातून तो दिसतो असा घरच्यांचा दावा आहे. शाई नको असल्यास पानांच्या कोऱ्या कडा किंवा न छापलेला न्यूजप्रिंट वापरावा.

काही जागी कागदाऐवजी पत्रा वापरावा. तो ३० अंशांत धरून एकाच दमात आडवा ओढायचा, मध्येच थांबायचे नाही; थांबलो तिथे गाठ दिसते. तिसरी युक्ती पाण्याची: रंग अर्धवट वाळलेला असताना हलका फवारा मारावा, मिनिटभर थांबावे आणि फडके टेकवून उचलावे. थेंबांच्या जागचा रंग निघतो आणि ठिपक्यांचा पट्टा उरतो. ही युक्ती एका कोपऱ्यापुरतीच ठेवावी, सगळीकडे केली तर गोवर आल्यासारखे दिसते. घासू मात्र नये, फेविकॉलमधला गेरू फार ओला झाल्यास सुटू शकतो.

तिसऱ्या दिवशी चार इंची स्पंज रोलर साईच्या रंगात बुडवून, कागदावर फिरवून जवळजवळ कोरडा करून घ्यावा आणि वरच्या दोन तृतीयांश भागात आडवा फिरवावा. दाब दिला की पट्टा भरीव होतो, सैल सोडला की खालचे रंग जाळीतून दिसतात. शेवटी साधारण ६० टक्के भाग साईचा, ३० टक्के निळा आणि १० टक्के उघडा गेरू असा हिशेब राहिला, तर चित्र शांत दिसते. हे माप डोळ्यांनी घ्यावे, फूटपट्टीने नव्हे. गेरूची सर्वांत उजळ जागा बरोबर मध्यभागी येऊ देऊ नये, डोळा तिथेच अडकतो आणि बाकीचे चित्र पाहिले जात नाही.

चौथा दिवस पाहण्याचा. चित्र समोरच्या भिंतीला टेकवून ठेवावे आणि मोबाइलवर त्याचा कृष्णधवल फोटो काढावा. फोटोत सगळे एकाच राखाडीत वितळले असेल तर उजेड-अंधाराचा फरक कमी पडला आहे. एका जागी गेरूचा पातळ हात किंवा साईचा भरीव पट्टा देऊन तो वाढवावा. मग चित्र उलटे करून पाहावे. उलटे केल्यावर अधिक चांगले दिसले, तर तसेच लावावे. आमच्या घरी तेच झाले. या दिवशी एकाहून अधिक दुरुस्त्या सुचू लागल्या की हात धुऊन रंगांची झाकणे लावावीत, कारण चांगली चित्रे बहुधा याच टप्प्यावर बिघडतात.

घरातले कोणीतरी हे नक्की काय आहे, असे विचारणारच. उत्तर देण्याची घाई करू नये. माझ्या मावशीने चहा संपेपर्यंत टक लावून पाहिले आणि म्हणाली, “मला तर पावसात सारवण गेलेलं अंगण दिसतंय.” मी काही बोललो नाही.

संरक्षण आणि टांगणे

पूर्ण वाळायला आठवडाभर द्यावा. मग पाण्यात विरघळणाऱ्या मॅट ॲक्रिलिक व्हार्निशचे दोन पातळ हात, सहा तासांच्या अंतराने द्यावेत. चकचकीत व्हार्निश नको, त्यात समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब पडते. दमट हवेत व्हार्निश दुधाळ होऊ शकते, त्यामुळे झड लागलेली असताना हे काम पुढे ढकलावे. फेविकॉलचा हात वरून देऊन काम भागवण्याचा सल्ला कोणी दिल्यास ऐकू नये, ओलाव्याने तो चिकट होतो.

टांगण्यासाठी चौकटीच्या मागे दोन्ही बाजूंना, वरून सात-आठ इंचांवर स्क्रूच्या कड्या बसवून त्यांत नायलॉनची दोरी ओवावी. भिंतीत एकच खिळा मारण्यापेक्षा फूटभर अंतरावर दोन भोके ड्रिलने पाडून, प्लॅस्टिकचे प्लग घालून स्क्रू बसवावेत; मग दार आपटले तरी चित्र तिरके होत नाही. स्क्रूची उंची ठरवताना दोरी वजनाने वर ताणली जाते तो बिंदू मोजावा, चौकटीची वरची कड नव्हे. पातळी पाहायला पाणसळ किंवा मोबाइलमधले तसे ॲप पुरते.

खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बाटलीच्या बुचाच्या चकत्या चिकटवाव्यात. त्याने भिंत आणि चित्र यांत अर्ध्या इंचाची फट राहते, हवा खेळते आणि पावसाळ्यात बुरशी धरत नाही. या फटीत पाल मुक्कामाला येते, त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. पावसाळ्यानंतर कापड सैल पडलेले दिसले, तर चित्र उतरवून मागच्या बाजूने स्वच्छ पाण्याचा हलका फवारा मारावा आणि सावलीत उभे करून वाळवावे; सुती कापड बहुतेक वेळा पुन्हा आवळून येते. कापड मागून असे उघडे असतानाच चौकटीच्या पट्टीवर पेन्सिलीने तारीख आणि तिन्ही रंगांची प्रमाणे लिहून ठेवावीत, म्हणजे एखादा ओरखडा पडला तर तीच छटा पुन्हा कालवता येते.